मोजायला काय हात झडतात?

बॅटरी बदला. सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करायला फिरवणारी मोटर, बदला. सगळी वायरिंगच बदला! आमच्याकडे गाडी चालू झाली नाही की कुणी काही मोजत नाही, सगळे नुसते बदलत सुटतात. पैसे माझे ना!

माझी शक्तिमान, लष्करी ट्रक. लष्कराच्या लिलावात घेतलेली, मॅन या जर्मन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला 1959 पासून बनायच्या त्यांतली. चिरेखाणीतला चढ, लाल चिखल, कशाला म्हणून दाद देत नाही. पावसात खाण बंद, म्हणून चार महिने खाडीच्या काठी ताडपत्रीखाली उभी होती. दसऱ्याला पूजा केली, झेंडूचा हार घातला, बटण दाबले. टक्. पुन्हा दाबले. टक्. बस्स, तेवढेच.

"बॅटरी मेली रे," शेजारच्या काकांनी वईपलीकडूनच निकाल दिला. वायरमन आला, त्याचेही तेच. बरे, ही 24 व्होल्टची गाडी, 12-12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक जोडलेल्या. या शहाण्याने नवी घातली एकच! "दुसरी बरी आसा." अरे, नवा पाडा नि म्हातारा बैल एका जोताला जुंपलास की नांगर कसा चालणार? त्यात आमच्या ड्रायव्हरने टेप वाजवायला एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची वायर ओढलेली. म्हणजे एक बॅटरी कायम उपाशी, दुसरीला अजीर्ण. (ती वायर मी काढली. ड्रायव्हर अजून बोलत नाही.)

दुसऱ्याने सेल्फ उतरवून नेला. चार दिवस. "कार्बन झिजलेले." (म्हणजे सेल्फच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ठोकळे.) नवे कार्बन घालून बसवला. टक्.

तिसरा म्हणाला, मिलिट्रीची वायरिंग, ब्लॅकआऊटची (युद्धात दिवे झाकायची) भानगड, सगळी काढून नवी टाकू. म्हटले, अर्थ, म्हणजे करंट चासीतून बॅटरीकडे परत जायची जोडणी, बघितलीस का? तर म्हणे दिवे लख्ख लागतात म्हणजे अर्थ ठीक. डोंबलाचा ठीक! हेडलाइटला लागतात पाच-सहा अँपिअर, सेल्फला लागतात शेकड्यांनी. अर्थच्या सडक्या पट्ट्याची एखादी तार शिल्लक असली तरी दिवा लागतो. सेल्फ कसा फिरेल?

शेवटी मीच मीटर घेऊन चासीखाली शिरलो, पोराला बटणावर बसवले. बटण दाबलेले असताना बॅटऱ्यांच्या टोकांवर 24 व्होल्ट. म्हणजे बॅटऱ्या बसतच नव्हत्या, धड होत्या! सेल्फवर मात्र जेमतेम 9. मग मधले 15 गेले कुठे? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. 15! जिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त, तिथे 15. आणि इंजिन बंद करायची केबल हाताला चटका बसेल इतकी तापलेली. अर्थचा रस्ता बंद, म्हणून करंट बिचारा त्या केबलमधून वाट काढत होता. या तिघांपैकी एकाने जरी तिला हात लावला असता!

इंजिन नि चासीमधला अर्थपट्टा. वरून धड दिसणारा. वाकवला तर आतून हिरवी भुकटी सांडली. खारा वारा नि चार महिन्यांचा दमटपणा, तांब्याचे काय राहणार? वर कुठल्या तरी कलाकाराने चासी रंगवताना पट्ट्याच्या बोल्टखालीही रंग फासलेला. पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, नवा जाड पट्टा घातला, वरून ग्रीस लावले. बटण दाबले नि गाडी पहिल्या दणक्यात चालू.

पहिल्या वायरमनला फोन केला, बाबा, तुझी बॅटरी परत घे. तर म्हणतो, "आता ती वापरलेली झाली."

वापरलेली! टक् करण्यापलीकडे तिने केले काय होते?