वर्षात आठवडे ५२, शर्यती जिंकल्या ५३

अमेरिकन मोटार-रेसर बिल शिंडलरचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "एका पायाचा रेसर." मला या वाक्याचा मनापासून राग येतो.

पाय गेला हे खरंच. १९३६ साली न्यूयॉर्कजवळ, लाँग आयलंडवरच्या मिनिओलात शर्यतीतल्या अपघातात डावा पाय गमावला. वय २७. अमेरिकेत मिजेट गाड्यांच्या शर्यती सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. मिजेट म्हणजे ठेंगणी, उघड्या चाकांची, एकट्याने चालवायची गाडी. छोट्या गोल ट्रॅकवर, बहुतेकदा रात्री दिव्यांच्या झोतात, सतत डावीकडे वळवत पळवायची. यातल्या बऱ्याच गाड्यांना क्लचच नसायचा. गिअर टाकायचा, मागून ढकलून घ्यायची, की इंजिन सुरू. डाव्या पायाचं नेहमीचं काम तिथे नव्हतंच. पण प्रत्येक वळणाला अंग उजवीकडे फेकलं जातं, तेव्हा सीटमध्ये स्वतःला रोवून धरावं लागतं. ते दर फेरीला, एका पायाच्या आधारावर.

आणि हे करून त्याने १९४७ मध्ये ५३ शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, पुन्हा ५३. दोन्ही पाय धड असलेल्या कुणाच्याही नावापुढे हा आकडा असता, तर आपण आधी आकडाच सांगितला असता ना?

माझ्या थोरल्या काकांचा पाय मशीनमध्ये गेला होता. लेथवर त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. तरी गावात पत्ता विचारला की लोक म्हणायचे, "लंगड्या मिस्त्रीकडे जायचंय का?" काका काही बोलायचे नाहीत. मला मात्र ते अजून सलतं.

शिंडलर मिजेट चालकांच्या 'अमेरिकन रेसिंग ड्रायव्हर्स क्लब'चा अध्यक्षही होता, म्हणजे सोबतच्या चालकांनी त्याला आपला पुढारी मानलं होतं. १९५०, ५१ आणि ५२ अशी सलग तीन वर्षं तो 'इंडियानापोलिस ५००' या अमेरिकेतल्या ५०० मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीत उतरला. तेव्हा ही शर्यत फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत धरली जायची, त्यामुळे त्या नोंदवहीतही त्याचं नाव आहे.

१९५२ च्या मे महिन्यात तो इंडियानापोलिसला धावला. २० सप्टेंबरला पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनच्या ट्रॅकवर स्प्रिंट कार, म्हणजे मिजेटहून मोठी पण तशीच उघड्या चाकांची गाडी, चालवताना अपघातात गेला. ४३ वर्षांचा होता, आणि अजून शर्यती सोडलेल्या नव्हत्या.