फुगडीतली एकच बाई मोजा

चवथीला आमच्या फोंड्याकडे फुगड्या रंगतात तेव्हा शेंबडं पोरही सांगेल की फुगडीला दोघी लागतात. हे ज्ञान लॅबच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवा. तुमचं साठ-सत्तर अमिनो आम्लांच्या साखळीचं चिमुकलं प्रोटीन डोमेन, म्हणजे प्रोटीनचा आपली घडी आपण बसवणारा तुकडा, जोडीने राहत असेल, म्हणजे डायमर असेल, आणि तरी त्याची रचना काढून थिसिस वेळेत संपवायचा असेल, तर जोडीदार नाहीच असं धरून चाला.

सुरुवात एसडीएस जेलने करा; त्यात प्रोटीनं वजनाप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी दिसतात. एसडीएस हा साबणाचाच भाऊ. तो साखळ्या उलगडतो, जोड्या मोडतो. सात हजार डाल्टनपाशी, म्हणजे एकाच साखळीच्या वजनापाशी, एकच सुबक पट्टी दिसेल, तीच सरांना दाखवा. कोणी शहाणा ‘कॉलमवर (म्हणजे मोठे रेणू आधी आणि लहान मागून सोडणाऱ्या नळीवर) चालवून बघ’ म्हणालाच, तर सॅम्पल भरपूर पातळ करा. पुष्कळ जोड्या दाट द्रावणात टिकतात आणि पातळात सुटतात. तरीही रेणू दुप्पट मोठा निघाला, तर तो लांबुळका आहे म्हणून कॉलममधून लवकर बाहेर आला, असं सांगा. लांबुळक्या रेणूंचं तसं होतं खरं, म्हणून तर ही थाप टिकते.

खरी मजा एनएमआरमध्ये, म्हणजे मोठ्या मॅग्नेटमध्ये ठेवून रेणूतल्या अणूंचे सिग्नल ऐकण्यात. साखळ्या सारख्या, जोडी सममित, त्यामुळे दोघींचे सिग्नल अगदी एकमेकांवर बसतात. स्पेक्ट्रम बघून माणूस शपथेवर सांगेल की आत एकटीच आहे. त्यातला एनओई नावाचा सिग्नल एवढंच सांगतो, की हे दोन हायड्रोजन पाच-सहा अँगस्ट्रॉमच्या आत आहेत. दोन्ही एकाच साखळीतले, की एक हिचा नि एक तिचा, ते सांगत नाही. एकसारखी लुगडी नेसून दोघी गरगरत असतील तर कोणाचा हात कोणाच्या हातात, लांबून काय कळणार? तुम्ही सगळे हात एकाच बाईला लावा. कॉम्प्युटर तिला पिरगाळून गाठोडं करील आणि काही अंतरं जुळत नाहीत म्हणून कुरकुरेल. ती अंतरं काढून टाका. १९९१ साली जीसीएन४ या प्रोटीनच्या ल्युसिन झिपर नावाच्या तुकड्याची रचना क्रिस्टलमधून मिळाली: दोन हेलिक्स, म्हणजे मळसूत्री साखळ्या, एकमेकांना बिलगून वेटोळलेल्या. त्या मंडळींना ही युक्ती सुचली असती तर एकच हेलिक्स स्वतःला बिलगवून मोकळे झाले असते.

एक खुळी पद्धत आहे, तिच्या नादी लागू नका. अर्धं प्रोटीन कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ने लेबल करायचं, अर्धं साधं ठेवायचं, दोन्ही मिसळून युरियात उलगडायचं आणि परत घडी बसू द्यायची. म्हणजे एकीला लाल लुगडं, दुसरीला पांढरं. मग फिल्टर लावून फक्त लाल-पांढऱ्यातले स्पर्श मोजायचे. पण लेबलचं ग्लुकोज महाग, आणि सगळं जमलं तरी मिश्र जोड्या निम्म्याच. पाव लाल-लाल, पाव पांढऱ्या-पांढऱ्या. त्यात मोठा मॅग्नेट मुंबईला. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन कोकणकन्येत बसलं की समोरचे काका विचारणारच, “इसवण मासा काय हो?” हो म्हणा. डायमर म्हणालात तर रत्नागिरीपर्यंत समजावत बसाल.

क्रिस्टलवाल्यांचं, म्हणजे प्रोटीनचा स्फटिक करून क्ष-किरणांनी रचना काढणाऱ्यांचं, बरं असतं. फाइलीत बहुधा एकच साखळी दिसते, जोडीदार सममितीच्या अक्षापलीकडे. तो उघडून बघायची गरज नाही. उघडलाच, तर म्हणा की क्रिस्टलमध्ये दाटीच असते; पणजीच्या बसमध्ये खांद्याला खांदा लागलेली प्रत्येक बाई काही आपली बायको नसते.

एचआयव्हीच्या प्रोटिएझचा, म्हणजे त्या विषाणूच्या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचा, दाखला कोणीतरी देईल. ९९-९९ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, दोघींनी अ‍ॅस्पार्टेट नावाचं एकेक अमिनो आम्ल पुढे केलं तरच कापण्याची जागा तयार होते. म्हणजे एका पात्याची कात्री कापत नाही. ऐकून घ्या आणि चहा मागवा.

अगदीच अडलं तर अल्फाफोल्ड आहे, अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणारा प्रोग्राम. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच्या कर्त्यांनाही मिळालं, तेव्हा नावावर वजन आहे. एकच साखळी टाका. ‘वहिनी कुठेत?’ असं तो विचारत नाही.

राहता राहिला बाहेरगावचा परीक्षक. तो चित्र फिरवून बघेल आणि विचारेल, “पाण्याला बिचकणारी ही ल्युसिनची रांग पाण्याकडेच तोंड करून का उभी आहे?” खाली बघू नका. सांगा, सर, सॅम्पल आषाढात केलेलं.