फक्त 500 किलोमीटर चाललेला

सर्वप्रथम अभिनंदन. गाडी 1.2 लिटरची हॅचबॅक, आणि तिच्या बुडाला तुम्ही 42,000 रुपयांची अडीच इंची स्टेनलेस स्टीलची नळी, म्हणजे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, लावलीत. ताकद किती वाढली हे विचारू नये. आवाज मात्र असा वाढला की कर्वे रोडच्या सिग्नलला पुढचा रिक्षावाला मागे वळून बघायचा. पुण्यात रिक्षावाला मागे बघतो ही काय चीज आहे, ते बाहेरगावच्यांना नाही कळायचं.

आता ती नळी विकायची. जाहिरातीत कारण लिहा, "गाडी बदलतोय." एक्स्प्रेस वेवर शंभराच्या आसपास गाडीत जी घुमघुम सुरू होते, तिने खालापूर यायच्या आत बायकोचं डोकं धरतं, हे लिहायचं नसतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला नियमही नाही: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दुपारी एक ते चार शून्य, हे कलम काकांचं स्वतःचं.

किलोमीटर 500 लिहा. सायलेन्सरला मीटर नसतो, निसर्गाने विक्रेत्यावर केलेली ही एकच मेहेरबानी. टोकाला उष्णतेने आलेली निळी-जांभळी झाक मात्र चुगली करते, तेव्हा पितांबरी घ्या आणि देवघरातल्या समईसारखी घासा. नळीच्या आतूनही फडकं फिरवा. जाणकार गिऱ्हाईक नमस्कार-चमत्काराच्या आधी आत बोट घालतं, बाहेर काढून बघतं, आणि तुमच्याच जिन्याच्या भिंतीला पुसतं.

फोटो गॅलरीतच काढा, कारण ही दीड मीटरची वाकडी वस्तू घरात दुसरीकडे मावत नाही. तुळशीची कुंडी आणि वाळत घातलेला पंचा फ्रेममध्ये येणारच. आजी विचारतील, "बंबाचा पाइप का रे?" हो म्हणा. त्यांना 42,000 सांगू नका.

थांबा. घाईत एक राहिलंच. मूळ सायलेन्सर कुठाय? तो तुम्ही मोठ्या तोऱ्यात भंगारवाल्याला 350 रुपयांना दिलात. आता नवा काढून गाडी काय बोडकी पळवणार? मग गाठा नाना पेठ. तिथला माणूस माळ्यावरून हुबेहूब तुमचाच वाटावा असा सायलेन्सर काढतो आणि 4,500 सांगतो. घासाघीस करून बघा, पण त्याने तुमच्या तोंडाकडे एकदा पाहिलं की त्याला सगळी कथा कळलेली असते. तुम्ही तिथे पहिले नाही. तो गाडीखाली टांगायच्या हँगरचे रबर वेगळे, फिटिंगची मजुरी वेगळी.

गिऱ्हाईक आवाज ऐकायचा म्हणेल. व्हिडिओ पाठवा. फोनच्या माइकवर मिक्सरही स्पोर्ट्स कार वाटतो.

कायद्याचा विषय आपण होऊन काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 (2) खाली अशा आवाजाला पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही; वर लायसन 3 महिने बाद. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी रोलर फिरवल्याचे फोटो त्याने पाहिले असतील, तर सांगा, "ते बुलेटवाल्यांचे हो!" कलम चाकं मोजत नाही, हे त्याला घरी गेल्यावर कळू दे.

भावाचं म्हणाल तर 38,000 पासून सुरू करा. "लास्ट किती?" असे चाळीस निरोप येतील, त्यातले अडतीस रात्री बारानंतर. शेवटी एक पोरगा हेल्मेट न काढता 9,000 देईल, वर क्लॅम्प आणि गास्केट फुकट मागेल. द्या. खाली जाऊन ॲक्टिव्हाला आडवी बांधूनही द्या.

तीन आठवड्यांनी सहज चाळताना तीच नळी पुन्हा दिसेल. किंमत 16,000. "गाडी बदलतोय. फक्त 500 किलोमीटर." फोटोही तुमचाच, तुळशी आणि पंच्यासकट.