चषकाचा सातबारा कुणाच्या नावावर?

फुटबॉलच्या वादात कधीच हरायचं नसेल तर सामने पाहण्यात वेळ घालवू नका. रात्री साडेबाराचा अलार्म लावून उठणारे सकाळी ऑफिसात जांभया देतात आणि वादही हरतात. तुम्ही फक्त कुठल्या मॅनेजरला, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला, कधी काढलं एवढं पाठ करा. चषक कुणीही उचलू दे, जमीन मुळात आधीच्या माणसाची, हा नुसता आयत्या पिकावर आलेला, असं म्हणायची सोय या खेळात बारा महिने असते. सातबाऱ्यावर नाव कुणाचं चढवायचं ते आधी ठरवा. पुरावे मागाहून गोळा होतात.

सरावाला 2005ची इस्तंबूलची फायनल घ्या. मॅनेजर जेरार उलिएला काढून इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने राफा बेनितेझला आणलं, आणि पहिल्याच वर्षी बेनितेझने युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली. सुरुवातीच्या अकरांत अलोन्सो आणि लुईस गार्सिया सोडले तर उरलेले नऊ उलिएच्या काळापासूनचे. बेनितेझ डोक्यात जात असेल तर हा नऊचा आकडा पुढे करा आणि शांत बसा. तो लाडका असेल तर विचारा, मध्यंतराला फिननला बसवून हामानला उतरवायची अक्कल कुणाची? (हामानला क्लबात उलिएनेच आणलं होतं, हे आपण बोलायचं नाही.) बरोबरी साधून देणारा अलोन्सोचा गोल आधी पेनल्टी अडवली गेल्यावर परत आलेल्या चेंडूवर झाला, हा मुद्दा उलिएवाल्यांनी राखून ठेवावा. बाकी त्या रात्री समोरच्या मिलानने पहिल्या हाफमध्ये जे तीन गोल केले, ते बेवारस आहेत. त्यांच्यावर अजून कुणीही हक्क सांगितलेला नाही.

एवढं जमलं की मॅनेजर क्लॉडिओ रानिएरीकडे वळा. अभ्यासक्रमातला हा सगळ्यात अवघड पाठ, कारण हा माणूस दाव्याच्या दोन्ही बाजूंना उभा सापडतो.

2004मध्ये चेल्सीने त्याला काढलं तेव्हा संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये दुसरा आला होता आणि चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलपर्यंत गेला होता. त्याच्या जागी मोरिन्यो आला आणि पहिल्याच मोसमात 95 गुण, अख्ख्या लीगमध्ये फक्त 15 गोल खाल्ले, पन्नास वर्षांनी विजेतेपद. आता तुम्ही रानिएरीचे असाल तर म्हणा, लॅम्पार्डला आणलं कुणी? टेरीला संघात रुजवलं कुणी? पेत्र चेक आणि रॉबेन यांचे करार ठरले तेव्हा खुर्चीत कोण होतं? हे तिन्ही प्रश्न बिनतोड आहेत. समोरचा मोरिन्योने आणलेल्या द्रोग्बाचं नाव काढेल, कार्व्हाल्होचं काढेल. काढू द्या. क्लबाचा मालक अब्रामोविचने 2003पासून जी थैली सोडली होती, तिचा उल्लेख मात्र दोन्ही पक्षांनी टाळायचा असतो. पैशाला श्रेय दिलं तर वादच संपतो, मग संध्याकाळी करायचं काय?

आता अकरा वर्षं पुढे या. ग्रीसच्या संघाला फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून घरच्या मैदानावर हार पत्करायला लावून रानिएरी नुकताच बेकार झालेला. इंग्लंडच्या लेस्टर क्लबने त्याला 2015च्या जुलैमध्ये बोलावलं आणि सट्टेबाजांकडे 5000 ला 1 असा भाव असलेल्या त्या क्लबने लीग जिंकली. बचावपटूंना गोल न खाल्ल्यास पिझ्झा देईन असं आमिष रानिएरीने दाखवलं होतं, आणि ते त्याने पाळलंही. इथे तुमची पंचाईत होणार. कारण वार्डी, महरेझ आणि कप्तान मॉर्गन हे आधीचा मॅनेजर नायजेल पिअर्सनच्या काळात आलेले. आदल्या मोसमात तळाला गेलेल्या त्याच लेस्टरने शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून जीव वाचवला, तोही पिअर्सनच्याच हाताखाली. म्हणजे 2005चा तुमचा नियम इथे लावला तर पिझ्झा पिअर्सनला पाठवावा लागतो.

घाबरू नका. नियम बदला. 2005मध्ये पाया महत्त्वाचा होता, 2016मध्ये कळस महत्त्वाचा आहे. आवाज थोडा चढवून म्हटलं की हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यातच एक गोष्ट तुमच्या मदतीला धावून येते. 2015च्या डिसेंबरमध्ये लेस्टरने चेल्सीला 2-1ने हरवलं आणि तीनच दिवसांनी चेल्सीने मॅनेजरला घरी पाठवलं. तो मॅनेजर मोरिन्यो. अशी गोष्ट कादंबरीत लिहिली असती तर संपादकाने कापली असती. तुम्ही मात्र ती निवाडा म्हणून वापरा. तिच्यातून काहीही सिद्ध होत नाही, हीच तिची ताकद.

एव्हर्टन क्लबने या सगळ्या भाऊबंदकीतून फार हुशारीने वाट काढली. मॅनेजर राहू दे, खेळाडू हेरणारा माणूस खरा, असं मानून त्यांनी 2016मध्ये लेस्टरच्या स्टीव्ह वॉल्शलाच उचललं. लेस्टरच्या विजेत्या संघातले महरेझ आणि कान्ते शोधण्यात त्याचा मोठा हात होता. एव्हर्टनमध्ये पैसे भरपूर खर्च झाले, कान्ते काही पुन्हा सापडला नाही, आणि 2018मध्ये वॉल्शलाही निरोप मिळाला. खरा कान्ते दरम्यान चेल्सीत गेला होता आणि तिथे मॅनेजर अँतोनियो कोंतेने लगोलग 2017ची लीग जिंकली. तुम्ही जातिवंत वादपटू असाल तर त्या चषकातही रानिएरीचा हिस्सा मागा. त्याच वर्षी फेब्रुवारीत लेस्टरने त्याला काढलं होतं. मग त्याच्या जागी आलेल्या सहायक क्रेग शेक्सपिअरने लीगचे पाच सामने ओळीने जिंकले. शेक्सपिअर पिअर्सनचाही सहायक होता, तेव्हा त्या पाच विजयांची वाटणी करायला तहसीलदारच बोलवावा लागेल.

एका प्रकारच्या माणसांपासून मात्र सावध राहा. 2025मध्ये, क्लॉपच्या जागी मॅनेजर म्हणून आलेल्या आर्ने स्लॉटने लिव्हरपूलला लीग जिंकून दिली. त्या मोसमात लीगमध्ये उतरलेला नवा चेहरा एकटा किएझा, बाकी सगळे क्लॉपच्या वेळचे. आपण दोन्हीकडचे मुद्दे तयार ठेवून बसलो होतो, आणि हा गृहस्थ माइक हातात घेऊन भर जल्लोषात क्लॉपच्याच नावाचं गाणं म्हणाला. क्लॉपनेही जाताना स्टेडियममध्ये स्लॉटच्या नावाचा गजर केला होता. अशी माणसं वाढली तर आपल्यासारख्यांनी जायचं कुठे?

तूर्त इटलीच्या रोमा क्लबाकडे लक्ष ठेवा. 2024च्या नोव्हेंबरमध्ये रानिएरीने घसरलेला तो संघ हातात घेतला, पाचव्या क्रमांकापर्यंत नेला आणि उन्हाळ्यात गादी गास्पेरिनीकडे सोपवली. गास्पेरिनीने काही जिंकलं तर काय बोलायचं हे तुम्हाला आता सांगायला नको. हरला, तर रानिएरी रोमात आला होता हेच विसरून जा.