‘नफा नाही तर कॉपीराइट नाही’ हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

गेले काही दिवस सांगली-मिरजेतल्या कॉलेजच्या ग्रुपांवर ‘स्वतःचा फॅन फिल्म स्टुडिओ उघडा’ असा एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: आवडत्या सिनेमातली पात्रं घ्या, नफा घेतला नाही की कॉपीराइट लागत नाही. सुरुवातीला डिस्क्लेमर टाका. ३० सेकंदांपर्यंत गाणं फुकट वापरता येतं. वर्गणी काढा, देणगीवर कर नसतो. नोटीस आलीच तर व्हिडिओ काढला की विषय संपला. माझा भाचा आणि त्याचे मित्र एवढ्या भांडवलावर कुपवाड एमआयडीसीतल्या शेडचं टोकन द्यायला निघाले, म्हणून हे लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक मुद्दा नफ्याचा. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ उघडून वाचा. परवानगीशिवाय काय चालतं त्याची लांबलचक यादी तिथे आहे: खासगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन वगैरे. चाहत्यांनी प्रेमापोटी केलेली फिल्म त्या यादीत कुठेही नाही, आणि यूट्यूबवर चढवलेली फिल्म ‘खासगी’ राहत नाही. नफ्याचा उल्लेख येतो तो शिक्षेच्या कलमात, ६३ मध्ये. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल, तर कोर्ट निकालात कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. मेसेजमधलं अर्धसत्य काय ते एवढंच. शिक्षा कमी होऊ शकते म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय.

शिवाय नफा म्हणजे फक्त खिशात पडलेले पैसे, असं कोर्ट मानत नाही. अमेरिकेतलं ‘अ‍ॅक्सानार’ या फॅन फिल्मचं प्रकरण बघा. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या गोष्टींच्या मालिकेच्या चाहत्यांनी लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमवली आणि त्यातला मोठा भाग स्टुडिओची जागा भाड्याने घेऊन ती उभी करण्यात घातला. डिसेंबर २०१५ मध्ये ‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी दावा ठोकला. फिल्म फुकट दाखवणार, हा बचाव टिकला नाही. फुकट दाखवली तरी नाव होतं, पुढची कामं मिळतात, देणग्या येतात, हाही फायदाच, असं न्यायाधीशांनी धरलं आणि जानेवारी २०१७ मध्ये ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीशिवाय वाजवी वापराची मुभा असल्याचा बचाव, नाकारला. त्याच महिन्यात तडजोड झाली आणि मोठ्या सिनेमाच्या जागी १५ मिनिटांचे दोन भाग, एवढीच परवानगी उरली. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, मान्य. पण तिथला ‘फेअर यूज’ आपल्या कलम ५२ पेक्षा सैल आहे. तिथे जे टिकलं नाही ते सांगलीच्या पोरांचं कशाच्या जोरावर टिकेल?

छोट्या फॅन फिल्मकडे कंपन्या बऱ्याचदा काणाडोळा करतात, हेही खरं. दावा चालू असताना, २०१६ मध्ये ‘स्टार ट्रेक’वाल्यांनी स्वतःच नियम काढले: एक गोष्ट १५ मिनिटांच्या आत किंवा दोन भाग मिळून जास्तीत जास्त ३० मिनिटं, वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंत, काम करणारे सगळे हौशी आणि बिनपगारी. मोबाईलवर चार रविवारी शूट केलेली फिल्म वेगळी आणि स्टुडिओ वेगळा. स्टुडिओला दर महिन्याला भाडं लागतं. समजा भाडं २५ हजार आणि डिपॉझिट एक लाख. अकरा महिन्यांच्या करारात कॅमेरा चालू होण्याआधीच पावणेचार लाख बांधले गेले. फॅन फिल्म कायदेशीर मार्गाने एक रुपया कमवू शकत नाही. मग चौथ्या महिन्यात भाडं थकलं की टी-शर्ट विका, भावे नाट्यमंदिरात तिकीट लावून शो करा, असं सुरू होतं. तिथे ‘नफा नाही’ हे म्हणायची सोय संपली. वर सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं ते वेगळंच.

शेडबद्दलही बोलू. एमआयडीसीतली जागा पोटभाड्याने द्यायला महामंडळाची परवानगी लागते, ती मालकाकडे आहे का ते कागदावर बघा. करार रजिस्टर करूनच घ्या. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून बाहेरचा आवाज अडत नाही, आतला घुमारा तेवढा थोडा कमी होतो. शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडर सरळ माइकमध्ये येतो, जूनमध्ये पत्र्यावरचा पाऊसही येतो, आणि तापलेल्या लाइटजवळ तो पुठ्ठा पेट घेतो. त्यापेक्षा मारुती चौकाजवळ तळमजला स्वस्तात मिळतोय म्हणणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर आठवावा.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. डिस्क्लेमरने संरक्षण मिळत नाही. उलट गोष्ट दुसऱ्याची आहे हे माहीत असल्याची ती लेखी कबुली ठरते. ३० सेकंदांचा नियम कायद्यात नाहीच. वर्गणी एकाच्या यूपीआयवर घेतली आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात आलेली रक्कम ५० हजारांच्या वर गेली, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम त्या एकट्याच्या उत्पन्नात धरली जाते. व्हिडिओ काढला तरी झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, आणि कंपनीचं ऑफिस मुंबईत असेल तर दावा मुंबईत लागू शकतो. मग तारखेला रात्रीची गाडी पकडायची आणि वकिलाची फी भरायची. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे उल्लंघनाचे ठपके, आले तर चॅनेलही जातं.

शेड घ्यायचीच असेल तर स्वतःची गोष्ट घेऊन घ्या. त्यातही लेखक-संगीतकार मित्रांकडून हक्क सहीनिशी लिहून घ्या. मिरजेतल्या एखाद्या सतारवादकाने प्रेमाने तुकडा वाजवून दिला तरी कागद करा. कलम १९ प्रमाणे कागदावर मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांपुरते धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. यूट्यूब जगभर दिसतं, तेव्हा ‘संपूर्ण जगासाठी’ आणि ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द त्यात हवेतच.