घर दोघांनी बांधलं, शाल एकट्याला

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

दुपारी भांडुपला आमच्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) बिल्डिंगचा चावीवाटपाचा कार्यक्रम झाला. मंडप, सनई, स्टेजवर नेहमीची मंडळी. बाबांचं नाव पुकारलं, बाबा वर गेले. निवेदक माईकवरून म्हणाला, "गिरणी बंद पडल्यावर तात्यांनी एकट्याच्या हिमतीवर या टेकडीवर घर उभं केलं!" टाळ्या पडल्या. शाल, नारळ, चावी, फोटो. आई तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

एकट्याच्या? अहो, मी होते तिथे. लहान होते, पण होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यातले एक बाबा. लालबागची पोटभाड्याची खोली परवडेना, म्हणून आम्ही भांडुपच्या टेकडीवर आलो. आधी बांबू आणि ताडपत्री. भिंती खूप नंतर आल्या, त्याही एकेक करून, पैसे जमतील तशा. बाबा तोवर एका कंपनीत वॉचमन म्हणून लागले होते, रात्रपाळीला. विटा रचायचे सुट्टीच्या दिवशी. मिस्त्री फक्त कोपरे लावून द्यायला यायचा, कारण त्याची रोजची मजुरी झेपत नव्हती.

आता ज्यांनी कधी बांधकाम जवळून पाहिलेलं नाही त्यांना एक सांगते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. भिंत बांधली की किमान ७ दिवस ती ओली ठेवावी लागते, पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. पाणी मारलं नाही तर वरून भिंत दिसते झकास, आणि आतला सिमेंट-रेतीचा माल नखाने खरवडला तरी सुटतो. विटासुद्धा आधी भिजवून घ्याव्या लागतात, नाहीतर त्याच मालातलं पाणी पिऊन टाकतात.

आणि आमच्या टेकडीवर नळ नव्हता. पाणी खालच्या सार्वजनिक नळाला, पहाटे, तेही तासभर. आई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ती चढण चढायची. पायऱ्या नव्हत्या तेव्हा, नुसती लाल माती, पावसात घसरडी. वर आलं की पहिली कळशी भिंतीला. आमच्या आंघोळी त्यानंतर, उरलं तर. रेशनच्या दुकानातून मागून आणलेली गोणपाटं ती भिजवून भिंतीला टेकवून ठेवायची, वरून सुतळीने बांधायची, म्हणजे उन्हात ओल टिकते. दुपारी पुन्हा हात लावून बघायची. कोरडं लागलं की पुन्हा पाणी. बाबा तेव्हा रात्रपाळी करून झोपलेले असायचे.

हे बांधकाम नाही? मग काय आहे?

आणि पैसे? पत्रे आले आईच्या भिशीतून. ती भिशी ती भरायची घरी बसून पेनच्या रिफिली भरण्याच्या कामातून. शाईचे डाग कित्येक वर्षं तिच्या बोटांवर होते. घमेल्याने रेती वर कुणी आणली, तेही विचारा.

एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जोत्याची लेव्हल काढायला तेव्हा पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरायचे. एक टोक एका कोपऱ्यात बाबांच्या हातात, दुसरं समोरच्या कोपऱ्यात आईच्या हातात. दोन्हीकडे पाणी एका रेषेत आलं की खूण करायची. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं. बाबा विचारायचे, "आलं का?" आई म्हणायची, "थांबा, बुडबुडा आहे." मग पुन्हा नळी झटकायची, पुन्हा भरायची. ते काम एका माणसाला करताच येत नाही. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच.

हो, बाबांनी जिवाचं रान केलं, ते मी नाकारत नाही. रात्रपाळी करून सुट्टीच्या दिवशी विटा रचणं सोपं नाही. आणि शेकडो घरांचा कार्यक्रम असला की दोन-दोन नावं पुकारायला वेळ लागतो, तेही मान्य. पण पुढाऱ्यांच्या भाषणांना वेळ होता ना?

संताप याचा जास्त येतो की कागद या लोकांच्या पुढे गेलाय. एसआरएच्या नियमातच आहे की करारनामा झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार यांच्या संयुक्त नावाने करायचा. ३०० चौरस फुटांचं हे घर कागदोपत्री आई-बाबा दोघांचं आहे. आईने सही केलीय त्यावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या हाताने जमिनी बायकोच्या नावावर केल्या. २००३ साली सरकारने ग्रामपंचायतीच्या दप्तरी घरावर नवरा-बायको दोघांचं नाव लावायला सांगितलं. आणि आम्ही मुंबईत, स्टेजवर एकच नाव पुकारतो. आता १ टक्का मुद्रांक शुल्क वाचतं म्हणून बायकोच्या नावावर फ्लॅट घेणारे पुष्कळ झालेत. त्यासाठी का असेना, नाव लागतंय, बरंच आहे.

२६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस एका दिवसात. आमच्या मागच्या बाजूने टेकडीवरची माती वाहत घराला येऊन टेकली होती. मी तेव्हा नोकरीच्या ठिकाणी अडकलेली, फोन लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी चालत घरी पोहोचले तर आई दारातला चिखल काढत होती. मागची भिंत जागच्या जागी. तीच भिंत, जिला आईने गोणपाटं बांधली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर मी बाबांना जरा लावूनच बोलले. ते ऐकून घेत बसले. मग म्हणाले, "मला तिथे बोलायला सुचलंच नाही गं. तिला वर बोलवायला हवं होतं." बाबा असेच आहेत, गर्दीत गप्प होतात. त्यांच्यावरचा राग तेवढ्यावर गेला. आई म्हणे, "काय एवढं मनावर घेतेस, घर मिळालं ना?" तिच्यावर मात्र राग येतो, आणि लगेच रडूही येतं.

फ्लॅटच्या दारावर बिल्डरने परस्पर पाटीही लावून टाकलीय, "श्री." आणि पुढे बाबांचं नाव. ती उद्या काढतेय. पण पाटीचं काय, ती कुणीही बदलेल. मुद्दा सोसायटीचा आहे. संयुक्त नावं असली तरी सभेत मत एकच, आणि ते पहिल्या नावाचं. दुसऱ्या नावाचा माणूस पहिला हजर नसला तरच बोलणार. म्हणजे पाण्याची वेळ, लिफ्टचा मेंटेनन्स, कचरा, ज्या गोष्टी आईला बाबांपेक्षा दहापट कळतात, त्यावर हात वर करणार बाबा.

माझ्या मित्रयादीत वकील मंडळी आहेत, सोसायटीचं काम बघणारेही आहेत. आमची शेअर सर्टिफिकेटं (सोसायटीचे सभासद असल्याचा दाखला) अजून यायची आहेत. त्यावर पहिलं नाव आईचं घालायचं तर अर्ज कुणाकडे आणि कोणते कागद लागतात, तेवढं कमेंटमध्ये सांगा. बाबा सही करायला तयार आहेत. आई नको म्हणतेय, तिला मी बघून घेते.