सीझनच्या सुरक्षेची फाइल कशी तयार करावी

चतुर्थीला गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरली, दसऱ्याचे तोरण दारावर चढले, की गोव्याच्या किनारपट्टीवरील व्यावसायिकाला दोन गोष्टी आठवू लागतात: रंगकाम आणि परवाने. सुरक्षेचा आराखडा हा या दोहोंच्या मधला विषय आहे, कारण त्याला थोडा रंगही लागतो आणि थोडा परवानाही. आपण हॉटेल चालवत असा, बार किंवा किनाऱ्यावरचा तात्पुरता शॅक चालवत असा, नाहीतर म्हापशाच्या बाजारात कापडाचे दुकान थाटून बसलेले असा. यंदाचा आराखडा कमीत कमी खर्चात आणि धंद्यात कसलाही व्यत्यय न आणता कसा उरकावा, याविषयी चार अनुभवाचे शब्द सांगावेत एवढाच येथे हेतू आहे. प्रस्तुत लेखकाने अशा बऱ्याच फायली जवळून पाहिल्या आहेत. त्यांतली एकही आजवर जळालेली नाही, हे त्यांच्या दर्जाचे प्रमाणपत्रच मानावे.

प्रथम मुहूर्ताविषयी. जून ते सप्टेंबर धंदा मंद असतो, माणसे मोकळी असतात, वायरमनही एका हाकेसरशी येतो, म्हणून सगळी तपासणी पावसाळ्यातच करून घ्यावी, असे काही भाबडे लोक सुचवतात. त्यांनी कधी धंदा केलेला नसावा. पावसाळ्यात वेळ असतो, पैसा नसतो. ऑक्टोबरात पैसा दिसू लागतो आणि नेमका तेव्हाच वेळ संपतो. नोव्हेंबरात पणजीला इफ्फीचा चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, त्यापाठोपाठ नाताळ, ३१ डिसेंबर, पुढे कार्निव्हल आणि शिगमो अशी रांग लागलेली असताना गल्ल्यावरून उठून फ्यूज तपासत बसणे कोणत्याही शहाण्या माणसाला परवडत नाही. मेअखेरीस शॅक मोडून गोदामात टाकायचाच असतो, तेव्हा जे मोडायचे त्याची सुरक्षा ती काय पाहायची? एकूण हिशेब केला तर योग्य मुहूर्त वर्षातून एकदाच येतो. साहेब तपासणीला निघाल्याचा फोन आल्यापासून त्यांची गाडी दारात थांबेपर्यंत तो टिकतो, आणि मनापासून काम केले तर तेवढा पुरतो.

या अवधीत पहिले लक्ष लाल सिलिंडरांकडे द्यावे. अग्निशामक सिलिंडरावर एक लहानशी तबकडी असते आणि तिच्यातील काटा हिरव्या पट्ट्यात असावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडील काटा लाल पट्ट्यात विसावला असेल, तर सिलिंडर किंचित भिंतीकडे वळवून टांगावा. खाऱ्या हवेने पिन गंजून जागच्या जागी बसलेली असते. तिला हात लावू नये, कारण ती निघालीच तर परत बसत नाही. सिलिंडरावर वाळत घातलेला फडका मात्र आठवणीने काढावा. पिन ओढून नळीचे तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे न धरता आगीच्या बुडाशी धरायचे असते, आतली पूड काही सेकंदांतच संपते म्हणून आधी नेम धरायचा आणि मग दट्ट्या दाबायचा, कढईतल्या पेटलेल्या तेलावर पाणी कदापि ओतायचे नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचे, या गोष्टी स्वयंपाकघरातल्या पोरांना सांगाव्यात की काय, असा प्रश्न काही मालक विचारतात. सांगू नयेत. माहिती मिळाली की माणूस सिलिंडर हातात घेऊन पाहतो, आणि हातात घेतले की ते रिकामे आहे हे त्याला वजनावरूनच कळते.

आता आपल्या खऱ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे चोरीकडे वळू. येथे मात्र आपल्या व्यावसायिकांची दक्षता वाखाणण्याजोगी आहे. चतुर्थीला आपण सहकुटुंब मूळ घरी जाता, तेव्हा बंद शटरवर ठळक अक्षरांत ‘चतुर्थीनिमित्त दुकान पाच दिवस बंद राहील’ असा कागद चिकटवून जाता, जेणेकरून गिऱ्हाइकाची खेप फुकट जाऊ नये आणि ज्याला रात्रीची खेप करायची आहे त्यालाही घाई करावी लागू नये. कॅमेरे तर आपण लावलेच आहेत. त्यांतला एक माडाच्या झावळीकडे पाहतो आणि बाकीचे ज्या यंत्रात सारे टिपून ठेवतात ते यंत्र गल्ल्याच्या खालच्या खणात असते, म्हणजे गल्ला नेणाऱ्याला ते वेगळे शोधावे लागत नाही.

रखवालदाराचेही तसेच. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे, संस्थेला परवाना लागतो, रखवालदाराला प्रशिक्षण लागते. परंतु गणवेशाला काही लागत नाही, म्हणून सुरुवात गणवेशापासून करावी. सकाळी तो पहारेकरी असतो, दुपारी माडाच्या आळ्यात पाणी सोडतो, संध्याकाळी गाड्या लावून देतो आणि रात्री बाराच्या पुढे, झिंगलेल्या आठ जणांच्या टोळक्यासमोर एकट्याने बाउन्सर होतो. एका पगारात चार माणसे मिळतात. पाचव्या तासाला कंटाळून तो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला तर त्याचा फोटो काढून कर्मचाऱ्यांच्या ग्रूपवर टाकावा. सुरक्षेविषयीची एवढी जागृती त्या ग्रूपवर एरवी होत नाही.

या चोरीच्याच धास्तीतून आपल्या आराखड्यातील सर्वांत महत्त्वाची वस्तू जन्माला आली आहे. ती म्हणजे मागच्या दाराचे कुलूप.

हे दार जरा थांबून पाहण्यासारखे असते. त्याच्या माथ्यावर हिरव्या रंगाची, वीज गेली तरी बॅटरीवर पेटणारी पाटी असते आणि तिच्यावर पळणाऱ्या माणसाचे चित्र असते. पाटीचे बिल फायलीत आहे. पाटीखाली बिअरचे रिकामे क्रेट छातीइतके रचलेले असतात, क्रेटांच्या मागे साखळी असते, साखळीला कुलूप असते आणि कुलपाची किल्ली मॅनेजरच्या स्कूटरच्या डिकीत असते. मॅनेजर रविवारी सुट्टीवर असतो. दार उघडे ठेवले तर पोरे मागच्या मागे बाटल्या लांबवतात, हे आपले म्हणणे अगदी रास्त आहे. सुटकेचे दार नेहमी आतून सहज उघडावे, ते बाहेरच्या बाजूला उघडावे, कारण घाबरलेली गर्दी दारावर रेलली की आत उघडणारे दार उघडतच नाही, असे अग्निशमन दलाचे लोक सांगतात, परंतु त्यांना जागेचा भाव ठाऊक नसतो. बाहेर उघडणाऱ्या दारापुढे जेवढी जागा मोकळी सोडावी लागते तेवढ्यात एक टेबल आणि चार खुर्च्या मावतात. थर्टीफर्स्टच्या रात्री त्या एका टेबलावर काय मिळते हे आपल्याला ठाऊक आहे, आणि दार उघडून काय मिळते हे आजवर कोणी लेखी दिलेले नाही.

आणखी एक युक्ती येथेच सांगून ठेवतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि हल्ली गावची माणसे तक्रारही करतात. यावर उपाय म्हणून पार्टी आत घ्यावी, खिडक्या कायमच्या बुजवाव्यात आणि भिंतींना, छताला आवाज गिळणारा फोम ठोकावा. स्वस्तातला फोम आवाज गिळतो तितक्याच आवडीने आगही गिळतो आणि पेटला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड, सायनाइड असे वायू निघतात. आगीत माणसे बहुधा ज्वाळांनी मरण्याआधी धुरानेच मरतात, हा मुद्दा तांत्रिक आहे. फोमवर सुक्या झावळ्यांची सजावट करावी म्हणजे गोव्याचे वातावरण येते. झावळ्यांत दिव्यांच्या माळा गुंफाव्यात, त्या सर्व माळा एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचाव्यात, आणि बोर्ड वारंवार ट्रिप होऊ लागला तर ट्रिप करणारा स्विचच काढून टाकावा, कारण प्रत्येक वेळी गाणे मध्येच तुटले की पाहुणे नाराज होतात.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यातील एका नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसे गेली. उपरोध एका वाक्यापुरता बाजूला ठेवून सांगायचे तर त्यांत पर्यटक थोडे होते, बहुतेक जण तेथे कामाला असलेले होते आणि त्यांतले कित्येक तळघरातल्या स्वयंपाकघराच्या बाजूला धुरात गुदमरले. ही बातमी वाचून आपल्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला तो नाताळच्या बुकिंगविषयीचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. तो साऱ्या किनारपट्टीचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी आपण क्रेट हलवलेत. साधारण आठवडाभर ते हललेलेच होते.

वास्तविक त्या रात्रीतून आराखडा करणाऱ्याला एक गोष्ट शिकता येते. पाहुणा समोरच्या दाराने येतो, समोरच्या दाराजवळ बसतो आणि त्याला तेच दार ठाऊक असते. त्याच्यासाठी आराखड्यात नकाशा आहे, बाण आहेत, गुळगुळीत कागदावर छापलेल्या सूचना आहेत. ज्याला मागचे दार लागते तो मागे असतो, खाली असतो, भट्टीपाशी असतो. रात्री दोन वाजता भांडी घासून झाली की तेथेच कोठीच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांना पाय लावून झोपतो, आणि आपण घरी जाताना बाहेरून शटर ओढून कुलूप लावता, कारण आत माल असतो. एकोणीस किलोचे दोन निळे सिलिंडरही त्याच खोलीत असतात. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत, म्हणजे नेमका झोपलेल्या माणसाच्या उशाशी साचतो. सकाळी उठून पोराने पहिले काम कोणते करावे? दिव्याचे बटण दाबावे.

अशी एकंदर किती माणसे आत झोपतात, हे आराखड्यात लिहिण्याचा आग्रह कोणी धरला तर विनम्रपणे टाळावे. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे असतात तिला ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही तेवढ्याच संख्येला लागते, तिच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ महिला कर्मचारी लागते, बाहेरचा एक सदस्य लागतो आणि निम्म्या तरी महिला लागतात. एवढी उस्तवार करण्यापेक्षा हजेरीपटावर नऊ माणसे ठेवणे सोपे. किनाऱ्यावर नऊ हा आकडा इतका लाडका आहे की स्वयंपाकघरात बावीस माणसे घामाने निथळत असतानाही पटावर नऊच असतात, आणि पुढच्या सीझनला आणखी सहा आली तरी ती नऊच राहतात. पोलीस पडताळणीसाठी मात्र सर्वांचे आधार कार्ड घ्यावे. झारखंडचा, ओडिशाचा, नेपाळचा पोरगा कोण, कुठला, कसा, याची खातरजमा झालीच पाहिजे. त्याला कामावर ठेवणारा कसा आहे, याच्या खातरजमेचा अर्ज अद्याप निघालेला नाही.

नऊच्या आकड्याचा खरा उपयोग आणीबाणीत होतो. बंब येतो, म्हणजे गल्लीत दुतर्फा लावलेल्या भाड्याच्या स्कूटरांमुळे तो येत नाही आणि जवान लांबवरून पाइप ओढत धावत येतात; आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते इथे शब्दशः खरे होते. आल्या आल्या त्यांचा अधिकारी एकच प्रश्न विचारतो, आत किती माणसे आहेत? रस्त्यावर उभी असलेली माणसे मोजावीत. नऊ भरली तर पट दाखवून सर्व बाहेर आल्याचे सांगता येते.

शेवटी राहिली ती रंगीत तालीम, जिला फायलीत मॉक ड्रिल म्हणतात. ती सकाळी अकराला ठेवावी, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसते, भट्टी पेटलेली नसते, अंधार नसतो आणि संगीतही नसते. आगीला अनुकूल अशी एकही गोष्ट नसली की तालीम हमखास यशस्वी होते. सर्वांना समोरच्या दाराने बाहेर काढावे, रांगेत उभे करावे, लाल सिलिंडर हातात देऊन फोटो घ्यावा आणि नंतर चहा व बटाटवडा द्यावा. ११२ आणि १०८ हे क्रमांक फळ्यावर लिहून घ्यावेत. त्यांच्या वर आपला मोबाइल क्रमांक लिहावा आणि आधी शेठना विचारल्याशिवाय दुसरीकडे फोन करू नये, हे तोंडी सांगावे. हजेरीवर सह्या घ्याव्यात. नऊ.

या तालमीत क्वचित एखादा नवा पोरगा, बटाटवडा हातात धरून, मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते असे विचारतो. त्याच्यावर चिडू नये. प्रश्न चांगला असल्याचे सर्वांसमोर सांगावे, तो वहीत लिहून घ्यावा आणि सीझन संपला की सवडीने बसून पाहू असे आश्वासन द्यावे. जूनमध्ये आपल्याला सवड होते तेव्हा तो गावाला गेलेला असतो. ऑक्टोबरात त्याच्या जागी दुसरा येतो, त्याच कोठीत पथारी टाकतो, आणि किल्लीविषयी काही विचारायचे असते हे त्याला ठाऊकच नसते.